बाग नेमकी कोणत्या सालची?

गेल्या दिवाळीनंतर दादाचा मेसेज आला. "तुझ्याकडे आपल्या बागेचे जुने फोटो आहेत का? असतील तेवढे पाठव. सगळं पूर्वीसारखं करायचंय."

गुहागरजवळच्या गावातलं आमचं घर दादा आता पाहुण्यांसाठी उघडतोय. न्याहारी-निवास योजनेत नाव नोंदवून झालंय, चार खोल्या रंगवून झाल्यात. घराच्या मागे माडापोफळींचं आगर आहे आणि घर आणि आगर यांच्या मधल्या पट्ट्यात आजीची फुलबाग. होती, असं म्हणायला हवं. आजी गेल्यापासून तिकडे कुणी नीट बघितलेलं नाही. रहाट केव्हाच थांबला, पाट मातीनं बुजले. चिपळूणच्या एका लँडस्केपवाल्यानं दादाला कोटेशन दिलं होतं. त्यात हिरवळ, फरशीची पायवाट, झोपाळा आणि फोटो काढायला फुलांची कमान असं सगळं होतं. दादाला ते पुरतं पटलं नव्हतं. म्हणून त्याला फोटो हवे होते.

मी शोधले. बागेचा एकच फोटो सापडला, 1994 सालचा, माझ्या बारशाचा. मागे अबोलीचा वाफा, एक सोनचाफा आणि कडेला कुणाचा तरी कळशी धरलेला हात. एवढंच.

तो पाठवायला घेतला आणि थांबले. पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? माझ्या बारशाच्या वेळेसारखं? आई सांगते की ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे अबोली नव्हतीच, सगळी शेवंती होती. आणि त्याच्याही आधी तिथे खळं होतं. आजीची बाग दर दोन वर्षांनी वेगळी दिसायची. मग यातली खरी कुठली?

मी इंग्लंडमध्ये क्रॉलीत राहते. इथून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत, ससेक्सच्या रानात, ग्रेव्हटाय मॅनर नावाचं एक हॉटेल आहे. तिथल्या बागेला हाच प्रश्न पडला होता, आणि तोही दोनदा. म्हणून तिची गोष्ट सांगते.

*

ग्रेव्हटायचं दगडी घर 1598 मधलं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या 32 वर्षं आधीचं. रिचर्ड इन्फिल्ड नावाच्या गृहस्थानं ते आपल्या नव्या बायकोसाठी, कॅथरीनसाठी, बांधलं. दोघांची आद्याक्षरं अजून तिथे कोरलेली आहेत. पण लोक तिथे जातात ते इन्फिल्डसाठी नाही. 1884-85 च्या सुमारास हे घर ज्यानं विकत घेतलं त्या विल्यम रॉबिन्सनसाठी जातात.

रॉबिन्सन हा माळी होता. उमराव नाही, जमीनदार नाही. जन्म 1838 चा, आयर्लंडमधला. पोरवयातच बागकामाला लागला आणि एका मोठ्या इस्टेटीवरच्या काचघरांवर त्याची नेमणूक झाली. त्याच्याबद्दल एक कथा सांगतात. मालकांशी की वरच्या माळ्याशी त्याचं भांडण झालं आणि 1861 च्या कडाक्याच्या थंडीत एका रात्री त्यानं काचघरांच्या शेगड्या विझवल्या, खिडक्या उघडल्या आणि तो चालता झाला. सकाळपर्यंत आतली सगळी नाजूक झाडं गारठून मेली. कथा खरी असो वा रचलेली, ती टिकली याला कारण आहे. पुढे आयुष्यभर रॉबिन्सन त्या काचघरांशीच भांडला.

भांडण काय होतं ते समजायला त्या काळातली श्रीमंत इंग्रजी बाग डोळ्यांसमोर आणावी लागेल. 1845 मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि कोळशावर तापवलेली काचघरं जागोजागी उभी राहिली. त्यांत हजारोंनी रोपं वाढवायची, बहुतेक उष्ण देशांतून आणलेली. थंडी सरली की ती बाहेर गालिच्यासारख्या नक्षीत लावायची. लाल जिरेनियम, निळं लोबेलिया, पिवळं काल्सिओलारिया. चार महिन्यांनी थंडी आली की सगळं उपटून टाकायचं आणि उरलेलं वर्षभर उघडी माती बघत बसायचं.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. जुन्या सरकारी विश्रामगृहाचं अंगण आठवा. तिरक्या रोवलेल्या, गेरू-चुन्यानं रंगवलेल्या विटांचे गोल वाफे आणि प्रत्येक वाफ्यात एकाच रंगाची कर्दळ. ते त्याच शिस्तीचं लांबचं नातेवाईक आहे.

रॉबिन्सन लंडनला आला आणि रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती-उद्यानात कामाला लागला. तिथे त्याच्याकडे आली ती उघड्यावर टिकणारी झाडं आणि इंग्लंडची रानफुलं. बाकीच्या माळ्यांना कमी वाटणारं हे खातं त्याला मानवलं. पुढे तो नोकरी सोडून पॅरिसला गेला, आल्प्समध्ये फिरला, आणि 1870 मध्ये त्यानं 'द वाइल्ड गार्डन' हे पुस्तक काढलं. 1871 मध्ये 'द गार्डन' हे साप्ताहिक सुरू केलं. 1883 मध्ये आलेल्या 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' या जाडजूड पुस्तकाच्या त्याच्या हयातीतच पंधरा आवृत्त्या निघाल्या. शेगडी विझवून निघालेला माळी लिहून श्रीमंत झाला आणि त्या पैशातून त्यानं ग्रेव्हटाय घेतलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. झाडाला जी जागा मानवते तिथे ते लावा, मग त्याला पसरू द्या. दरवर्षी उपटू नका. 'वाइल्ड गार्डन' या नावामुळे अनेकांना वाटतं की तो बाग मोकाट सोडा असं सांगत होता. तसं नाही. तो कुठल्याही देशातली काटक झाडं आणून अशा ठिकाणी लावायला सांगत होता जिथे ती पुढे आपल्या हिमतीवर जगतील. ग्रेव्हटायच्या गवतात आणि तळ्याच्या काठानं त्यानं डॅफोडिलचे कंद असे लावले की दर वसंतात ते आपोआप उगवावेत. झाडं लावली, रान वाढवलं, आजूबाजूची जमीन घेत घेत इस्टेट हजार एकरांच्या आसपास नेली. 1900 च्या सुमारास डोंगरउतारावर भाजीपाल्यासाठी लंबवर्तुळाकार दगडी भिंतीची बाग बांधली.

या माणसात विसंगतीही होती. 1892 मध्ये रेजिनाल्ड ब्लोमफिल्ड या वास्तुरचनाकारानं आखीव बागांच्या बाजूनं पुस्तक लिहिलं, तेव्हा रॉबिन्सन त्याच्यावर तुटून पडला. रेषा-कोनांच्या बागा आखणाऱ्यांना झाडांतलं काही कळत नाही, असा त्याचा सूर. पण ग्रेव्हटायला घराला लागूनच त्यानं स्वतः काय केलं? सरळ दगडी वाटा आणि चौकोनी वाफे. फक्त त्या वाफ्यांत नक्षी नव्हती, तर गुलाब आणि त्यांच्या पायाशी पसरणारी छोटी फुलं होती.

सत्तरी ओलांडल्यावर त्याचे पाय गेले. पुढची वीसहून जास्त वर्षं तो चाकाच्या खुर्चीतून बाग बघत राहिला. रानात जाता यावं म्हणून मागे चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेली सिट्रोएन गाडीही त्यानं घेतली. 1935 मध्ये, 96 व्या वर्षी तो गेला. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. इस्टेट त्यानं देशाला दिली आणि ती सरकारी वनखात्याकडे गेली.

*

वनखात्याला रान सांभाळता येत होतं. फुलबाग सांभाळणं हे त्यांचं काम नव्हतं. दरम्यान दुसरं महायुद्ध आलं आणि घरात कॅनडाचे सैनिक राहून गेले.

1958 मध्ये पीटर हर्बर्ट नावाच्या हॉटेलवाल्यानं हे घर भाड्यानं घेतलं. खेड्यातल्या जुन्या वाड्यात चांगलं जेवण आणि निवांत खोल्या, ही कल्पना तेव्हा इंग्लंडमध्येही नवीच होती. त्याला बाग मिळाली ती तणात बुडालेली. मालक जाऊन फक्त तेवीस वर्षं झाली होती. घर तेवीस वर्षं बंद राहिलं तर छप्पर गळतं, भिंती मात्र उभ्या असतात. बागेचं तसं नसतं. हर्बर्टनं रॉबिन्सनच्याच पुस्तकांचा आधार घेत ती पुन्हा उभी केली आणि चाळीसहून अधिक वर्षं चालवली. 1987 च्या ऑक्टोबरात दक्षिण इंग्लंडला झोडपणाऱ्या वादळात जुने वृक्ष पडले, तेव्हाही.

2004 नंतर तो बाजूला झाला. काही वर्षं बागेची पुन्हा आबाळ झाली आणि पुन्हा तण आलं. 2010 मध्ये नवे मालक आले. त्यांनी 'ग्रेट डिक्स्टर' या प्रसिद्ध बागेत काम केलेला मुख्य माळी आणला आणि दुसऱ्यांदा पुनरुज्जीवन सुरू झालं.

मग तोच दादाचा प्रश्न. कोणत्या सालासारखं करायचं?

हा प्रश्न सोडवण्याची एक पद्धत आहे. साल ठरवायचं आणि घड्याळ तिथे थांबवायचं. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची 'प्रिव्ही गार्डन' 1995 मध्ये अशीच पूर्ववत केली. उत्खनन करून जुन्या वाफ्यांच्या खुणा शोधल्या, मधल्या काळात अवाढव्य वाढलेली झाडं काढली आणि राजा तिसरा विल्यम याच्या वेळची 1702 ची बाग जशीच्या तशी आखली. तिथे ते जमलं, कारण ती बाग म्हणजे कागदावर काढलेली नक्षीच होती.

आपण साल ठरवत नाही तेव्हा काय होतं तेही बघण्यासारखं आहे. ताजमहालासमोरची सपाट हिरवळ बघून आपल्याला वाटतं की शाहजहानच्या वेळी असंच असणार. पण मुघल बागेत फळझाडं असायची, दाट सावली असायची. आजचं ते मोकळं, हिरवळीचं रूप मुख्यतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झनच्या काळात आलं. जीर्णोद्धार म्हणूनच आलं. ज्याला जी बाग 'बरोबर' वाटते ती तो जुन्याच्या नावाखाली लावतो. चिपळूणचा लँडस्केपवाला हिरवळ सुचवतो, त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. शंभर वर्षं सगळे हेच सुचवतायत.

ग्रेव्हटायला साल ठरवणं शक्य होतं का? कागदपत्रांची वानवा नव्हती. रॉबिन्सननं 1911 मध्ये आपल्या वीसेक वर्षांच्या कामाच्या नोंदींचं एक देखणं पुस्तक छापलं होतं. कुठल्या वर्षी काय लावलं, काय तोडलं, सगळं. पण नोंदी जितक्या जास्त, तितका पेच मोठा. कारण त्यांत एक बाग दिसत नाही, वीस दिसतात. हा माणूस दरवर्षी काहीतरी बदलत होता. नवी झाडं लावून बघत होता आणि फसलेली काढत होता. त्याची बाग एका वर्षात गोठवली असती तर त्याला ती सगळ्यात आधी नकोशी झाली असती.

आणि एक मोठी अडचण जमिनीखाली होती.

*

तिचं नाव जपानी नॉटवीड. बांबूसारखी पोकळ, पेरांची खोडं, हृदयासारखी पानं, पांढऱ्या फुलांचे तुरे. एकोणिसाव्या शतकात सीबोल्ट नावाच्या डॉक्टरनं ती जपानहून युरोपात आणली. 1847 मध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या बागायत संस्थेनं तिला नवं शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक दिलं. आज ब्रिटनमध्ये ती रानात पसरवणं 1981 च्या कायद्यानं गुन्हा आहे. घराच्या आवारात ती सापडली तर बँका कर्ज देताना कुरकुर करतात. मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी तिथून नवीन झाड येतं.

'द वाइल्ड गार्डन'मध्ये रॉबिन्सननं हीच वनस्पती लावायला सुचवली होती. त्याच्या तत्त्वात ती चपखल बसत होती. काटक, देखणी, आपल्या हिमतीवर जगणारी. ती लावणं सोपं आहे, घालवणं अवघड, हे त्याच्याही पुढे लक्षात आलं. पण तोवर पुस्तक घरोघरी गेलं होतं.

2010 नंतर ग्रेव्हटायच्या माळ्यांना सुरुवातीची कितीतरी वर्षं याच नॉटवीडशी आणि तिच्यासारख्या मुळावाटे पसरणाऱ्या तणांशी झगडावं लागलं. म्हणजे रॉबिन्सनची बाग परत आणायची तर रॉबिन्सननं शिफारस केलेलं झाड आधी खणून काढायचं. मला हे वाचून हसू आलं आणि मग आमचा पाट आठवला.

आमच्या पाटाच्या कडेनं एक पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल आहे. नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. आजीनं कुठून तरी एक फांदी आणून लावली होती, पाटाची माती धरून ठेवील म्हणून. आज तिनं अबोलीचा वाफा गिळलाय आणि ती गडग्यापलीकडे ओढ्यापर्यंत पोचलीय. आपल्याकडची घाणेरीही अशीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं कुंपण म्हणून आली आणि आता जंगलंच्या जंगलं व्यापून बसलीय. ज्यांनी आणली त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फुलं आवडली होती.

ग्रेव्हटायच्या माळ्यांनी शेवटी साल ठरवलंच नाही. त्यांनी रॉबिन्सनची पद्धत उचलली. गवताची कुरणं, त्यातले कंद, झाडांच्या पायथ्याशी फुलांचे थर हे त्याचं म्हणून जपलं. चौकोनी वाफ्यांत मात्र आजची झाडं, आजचे प्रयोग. लंबवर्तुळाकार बागेत पुन्हा भाजी आणि फळं पिकायला लागली आणि ती थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातात.

*

तिथे राहणं मला परवडणारं नव्हतं. पैसे साठवून दुपारच्या जेवणाचं टेबल घेतलं. जेवणाच्या खोलीला बागेकडच्या बाजूनं काचेची भिंत आहे. मी मनात म्हटलं, काचघरांशी आयुष्यभर भांडलेल्या माणसाच्या बागेत शेवटी काचघर आलंच, फक्त आता झाडं बाहेर आणि आत आम्ही.

जेवण झाल्यावर बागेत फिरले. दर थोड्या अंतरावर कुणी ना कुणी वाकून काम करत होतं. कुणी काड्या रोवत होतं, कुणी ढकलगाडीतून पाला नेत होतं. ताटातल्या भाज्यांची किंमत बघून मघाशी माझा जीव दडपला होता. आता ती कुठे जाते ते दिसलं. ही बाग दोनदा मेली ती लोकांना फुलं आवडेनाशी झाली म्हणून नाही. दोन्ही वेळा तिथे रोज वाकणारी माणसं उरली नव्हती. आणि दोनदा जगली ती जुना नकाशा सापडला म्हणून नाही. पाहुण्यांच्या बिलातून माळ्यांचे पगार निघायला लागले म्हणून जगली. सुरुवातही एका पगारी माळ्यापासूनच झाली होती, हे मला फार नंतर सुचलं.

त्या रात्री दादाला फोन केला. म्हटलं, "त्या कोटेशनमध्ये माळ्याचा खर्च किती धरलाय?"

"माळ्याचा? नाही अगं. एकदा हिरवळ घातली की आठवड्यातून एकदा मशीन फिरवायचं."

"आणि काकू?"

तो गप्प झाला. काकू म्हणजे वीस वर्षं आजीच्या हाताखाली शिंपणं करणाऱ्या. कुठल्या वाफ्याला कधी पाणी, शेवंतीचे मुनवे कधी वेगळे करायचे, अनंताला उन्हाळ्यात किती सावली, हे आता त्यांच्या एकट्यांच्या डोक्यात आहे. आजी गेल्यावर त्यांना यायला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या यायच्या थांबल्या. यात कुणाचंच भांडण नव्हतं. बागेत आता काही काम नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मीसुद्धा.

1994 चा फोटो मी मोठा करून बघितला. कळशी धरलेला तो हात त्यांचाच. हिरव्या बांगड्या, मनगटाला दोरा. आजीच्या बागेच्या एकमेव फोटोत आजी नाही, काकू आहेत, आणि त्याही कडेला कापल्या गेलेल्या.

दादानं कोटेशन परत केलं नाही, अर्धं केलं. झोपाळा आहे, पायवाट आहे. हिरवळीचे पैसे मात्र वर्षभराच्या पगाराला ठेवले. काकू आता आठवड्यातले चार दिवस येतात आणि सोबत त्यांची सून येते, कारण त्यांचे गुडघे आता दुखतात.

आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा पाटाकडची पिवळी वेल उपटायला घेतली. आई म्हणाली, "अहो, ती आमच्या सासूबाईंनी लावली होती." काकू म्हणाल्या, "ठाऊक आहे. मीच खड्डा खणला होता." आणि उपटत राहिल्या.

मे महिन्यात पहिले पाहुणे आले, पुण्याचं एक कुटुंब. बाग तेव्हा अर्धीसुद्धा झाली नव्हती. एका बाजूला उकरलेली लाल माती, दुसऱ्या बाजूला नुकती धरलेली अबोली. त्यांच्या मुलीनं काकूंना विचारलं की ही बाग किती जुनी आहे. काकूंनी मागे वळून बघितलं, जरा विचार केला आणि सांगितलं, "चार महिन्यांची."